मोटर किती एचपीची ते नंतर, आधी हँडलला काटा लावा

मागच्या अंकात घरघंटीच्या देखभालीवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती बहुतेक जाळ्या आणि बेल्टबद्दल, पण चार पत्रं वेगळ्याच गिरणीची निघाली. दोन रोलरची, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव भरडायची, परदेशात घरी बिअर बनवणारे लोक वापरतात ती. चौघांनाही तिला मोटर लावायची आहे आणि चौघेही वेगवेगळ्या ठिकाणी अडलेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतोय.

प्रश्न (मुलुंड): माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याला घरी बिअर बनवायचा छंद आहे. गणपतीत आला तेव्हा स्वतःची जुनी दोन रोलरची गिरणी मला देऊन गेला. मी आणि बायको जवाला मोड आणून वाळवतो, भरडतो, गरम पाण्यात तासभर ठेवून गाळतो आणि ते गोड पाणी आटवून माल्टचा पाक करतो, नातवंडांना दुधातून देतो, थोडा बायकोच्या बचत गटातून ओळखीत जातो. एका वेळी दहा-बारा किलो भरडायचं असतं आणि हँडल मारून मारून माझा उजवा खांदा गेलाय. घरात पाण्याच्या पंपाची अर्धा एचपी मोटर पडून आहे, एक जुना मिक्सर आहे आणि ५०० वॅटचं ड्रिल मशीन. यातलं काय लावू? नवीन घ्यायची तर किती एचपीची?

उत्तर: तुम्ही करताय ते अगदी बिअरवाल्यांच्या पहिल्या अर्ध्या कामासारखंच आहे, फक्त तुम्ही यीस्ट घालत नाही. आणि घालूही नका, कारण अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवायला मुभा मिळाली, आपल्याकडे मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवाना नसताना घरी बिअर काढणं सरळ गुन्हा ठरतो. माल्टचा पाक करायला मात्र काहीच अडचण नाही, आणि गिरणीला तर पुढे काय होणार आहे त्याच्याशी काही देणंघेणं नाही, तिचं काम दोन्हीकडे एकच.

ते काम म्हणजे दाणा फोडायचा पण टरफल शक्यतो अख्खं ठेवायचं. गाळताना तेच टरफल तळाशी बसून गाळणी होतं. घरघंटीत टाकलं तर टरफलाचंही पीठ होतं, मग फडक्यातून पाणी उतरतच नाही आणि पाकाला एक तुरट चव येते. म्हणून रोलर हळू फिरायला हवेत, मिनिटाला १००पासून २००पर्यंत फेऱ्या, मी स्वतः १५०च्या आसपास ठेवतो. जास्त पळवलं की दाणे रोलरवर नाचत राहतात आणि जे आत जातात त्यांचं टरफल फाटतं.

आता मिक्सर बाजूला ठेवा. मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या मारते, तिला दीडशेवर आणायला जेवढी पुल्यांची रांग लावावी लागेल ती तुमच्या किचनमध्ये मावणार नाही. ड्रिल चालेल पण कधीमधी. ड्रिलचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो, ट्रिगर अर्धा दाबून हळू फिरवलं की लोड पूर्ण आणि हवा जवळजवळ नाही, दोन किलोनंतर बॉडी हाताला चटके द्यायला लागते. बारा किलोला ते मशीन जाळाल, नका करू.

पंपाच्या मोटरची नेमप्लेट बघा. घरगुती मोनोब्लॉक पंप बहुतेक २८८० आरपीएमचा असतो, टू पोल. आपल्याला पाहिजे १४४०वाली, फोर पोल. एचपी दोन्हीवर अर्धाच लिहिलेला, पण २८८०वालीचा जोर निम्मा असतो, कारण तेवढीच ताकद तिने दुप्पट फेऱ्यांत वाटलेली असते. शिवाय मोनोब्लॉकचा शाफ्ट पंपाच्या इम्पेलरसाठी बनवलेला, त्याच्यावर पुली बसवायची तर लेथवर वेगळं काम काढावं लागेल. तो पंप टाकीसाठीच राहू द्या.

आणि इथेच मुख्य मुद्दा येतो जो दुकानात कोणी विचारत नाही. आपण काउंटरवर जाऊन एचपी सांगतो, दुकानदार एचपी काढून देतो. रोलरला एचपीशी काही घेणं नाही, त्याला लागतो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आणि तो तुमच्या गिरणीला किती लागतो हे तुम्ही घरच्या घरी दहा मिनिटांत मोजू शकता. विमानाला जाताना बॅग तोलतो तो हुकवाला सामानाचा काटा असेल ना, तो घ्या. हॉपर, म्हणजे वरचं दाणे टाकायचं भांडं, माल्टने पूर्ण भरा, गिरणी टेबलाला घट्ट आवळा, हँडल आडवं आणा, मुठीत काट्याचा हुक अडकवा आणि हँडलला काटकोनात हळूहळू खाली ओढा. रोलर ज्या क्षणी कर्रकन सुटतो आणि पहिला दाणा फुटतो त्या क्षणीचा आकडा बघा. असं पाच-सहा वेळा करा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा, सरासरी नको, कारण मोटर अडकते ती सगळ्यात वाईट क्षणीच.

माझ्या गिरणीला साडेपाच किलो आले, हँडल मधल्या शाफ्टपासून मुठीपर्यंत २० सेंटीमीटर. ५.५ गुणिले ९.८ गुणिले ०.२, म्हणजे पावणेअकरा न्यूटन मीटर. त्याला दीडपट करा, सोळा. एवढा जोर रोलरच्या शाफ्टवर दीडशे फेऱ्यांना मिळाला की काम झालं. तुमच्या गिरणीची फट थोडी लहान असेल, रोलर जाड असतील तर आकडा बदलेल, म्हणून माझा आकडा उचलू नका, तुमचा मोजा.

आता मोटरकडून बघू. १४४०वाली अर्धा एचपी मोटर शाफ्टवर साधारण अडीच न्यूटन मीटर देते. दहाला एक असा वर्म गिअरबॉक्स लावला तर स्पीड १४४ होतो आणि जोर दहापट, म्हणजे पंचवीस, त्यातला पंधरा टक्के गिअर खातो असं धरलं तरी हातात एकवीस उरतात. पाहिजेत सोळा. म्हणजे बसतंय. पाव एचपीला हेच गणित केलं तर साडेदहा येतात, पाहिजेत त्या सोळापेक्षा बरेच कमी. आणि एक एचपी घेऊ का असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन, कारण दाण्यात बारका खडा आला तर अर्धा एचपी बहुतेक घुरघुरत थांबते, एक एचपी थांबत नाही, ती खडा रोलरवर दाबते आणि रोलरच्या खाचा नाहीतर शाफ्ट ज्यात फिरतो ती बुश घेऊन जाते. मोठी मोटर म्हणजे सुरक्षित मोटर असं इथे नाही.

बेल्ट की गिअरबॉक्स यावर माझं मत स्पष्ट आहे, मुंबईच्या घरात गिअरबॉक्स. बेल्टवाले व्हिडीओ बघून लोक दोन इंची आणि बारा इंची पुली आणतात. पण ए सेक्शनच्या व्ही बेल्टला लहान पुली तीन इंचाच्या खाली नको, दोन इंचावर बेल्ट इतका दुमडतो की लोड आला की घसरतो आणि आतून तडकतो. तीन इंच ते बारा इंच म्हणजे फक्त चारपट, स्पीड ३६०, आपल्याला जास्त. मग मधे आणखी एक शाफ्ट टाकावा लागतो, दोन पी २०४ बेअरिंग, तीनावरून नऊ आणि परत तीनावरून नऊ, म्हणजे नऊपट, १६० फेऱ्या, जोर वीसच्या आसपास. उत्तम चालतं, आवाजही कमी, दगड अडकला तर बेल्ट घसरतो हा फायदाही आहे. पण त्याला अडीच फुटांचा पाट लागतो, दोन्ही बेल्टवर जाळीची गार्ड लागते, आणि घरात नातवंडं आहेत, बायकोचा पदर आहे, तिथे उघडा बेल्ट मी तरी लावणार नाही. आणखी एक, ताणलेला बेल्ट गिरणीच्या बारीक शाफ्टला सतत एका बाजूला ओढत राहतो, ती बुश वर्षभरात अंडाकृती होते.

गिअरबॉक्सला मोटर थेट फ्लँजवर बसते आणि बाहेरचा शाफ्ट लव्हजॉय कपलिंगने, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दोन दातेरी तुकड्यांनी, गिरणीला जोडायचा, त्यांच्या मधे चांदणीच्या आकाराचा रबराचा स्पायडर. १८ एमएमच्या प्लायवर मोटरचा सेट आधी ढिला बसवा, गिरणीखाली पत्र्याचे तुकडे घालत घालत दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणा, स्पायडर हाताने सहज आत-बाहेर सरकला की मग बोल्ट आवळा. स्पायडर अडकून बसत असेल तर अजून पत्र्याचे तुकडे घालायचे बाकी आहेत, घाई करू नका. गिरणीच्या शाफ्टवर ग्रब स्क्रूसाठी कानशीने एक चपटी जागा करून घ्या, गोल शाफ्टवर स्क्रू घसरतो आणि मग कपलिंग चोवीस तास आवळत बसावं लागतं.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जा, मोटर, गिअरबॉक्स, कपलिंग, बेअरिंग सगळं चालत्या अंतरात मिळतं, वायर, एमसीबी आणि स्विच लोहार चाळीत. मोटर सांगताना एवढंच सांगा, सिंगल फेज, अर्धा एचपी, १४४०, कपॅसिटर स्टार्ट, फ्लँज माउंट, आणि बंद बॉडीची म्हणजे टीईएफसी, कारण माल्टची धूळ बारीक असते, उघड्या मोटरच्या वाइंडिंगवर बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. गिअरबॉक्स आणि मोटर एकाच दुकानातून घ्या आणि फ्लँज तिथेच जुळवून बघा.

जुनी घ्यायची असेल तर माझा अनुभव सांगतो. मी पहिली मोटर एका दुकानातून रिवाइंड केलेली घेतली, प्लेटवर १४४० होतं, दिसायला रंग मारून एकदम टकाटक. घरी लावली आणि गिरणी नुसती किंचाळायला लागली, मला वाटलं नवीन आहे म्हणून. पाच किलो भरडून झालं, रात्री गाळायला बांधलं आणि सकाळी बघतो तर फडक्याखालच्या पातेल्यात जेमतेम दोन वाट्या पाणी, वर नुसती चिकट लापशी. मित्राचा टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजायचं यंत्र, मोटरला लावला तर २९००. दुसऱ्याच मोटरवर ती प्लेट ठोकली होती. तेव्हापासून जुनी मोटर दुकानातच चालू करून टॅकोमीटर लावून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही, तुम्हीही देऊ नका.

राहिलेलं पटापट. रोलरमधली फट फिलर गेजने एक ते सव्वा मिलीमीटर ठेवा, दोन्ही टोकांना सारखी. नाचणी या गिरणीत टाकू नका, दाणा इतका लहान की अर्धी तशीच खाली येते, तिला घरघंटीच बरी. कच्चा जव किंवा मका पण नको, माल्ट ठिसूळ असतो आणि कच्चा दाणा दगड, सगळं गणित बिघडेल. पावसाळ्यात माल्ट डब्याबाहेर राहिला की वातड होतो, मग तो फुटत नाही, चेपतो. रोलर साध्या लोखंडाचे असतील तर कधीही पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा. हॉपरच्या तळाशी एक सरकती पट्टी करून घ्या, मोटर आधी सुरू, मग पट्टी उघडायची. अर्थिंगवाला प्लग, आणि मोटर चालू असताना हॉपरमध्ये हात घालायचा नाही, दाणा अडला तर लाकडी उलथणं सुद्धा नाही, आधी प्लग काढायचा. तुमचे बारा किलो सात-आठ मिनिटांत होतील.

प्रश्न (चेंबूर): माझ्याकडे अशीच गिरणी आहे आणि १४४०ची अर्धा एचपी मोटर मिळाली आहे. गिअरबॉक्सचा खर्च टाळून पंख्याचा रेग्युलेटर लावून स्पीड दीडशेवर आणता येईल का? इलेक्ट्रिशियन हो म्हणाला.

उत्तर: नाही ताई, आणि कृपा करून करून बघू पण नका. पंख्याला रेग्युलेटर चालतो कारण पंख्याची मोटर वेगळ्या जातीची, कपॅसिटर कायम सर्किटमध्ये असतो आणि हवेचा लोड स्पीड कमी झाला की आपोआप कमी होतो. तुमच्या मोटरमध्ये सुरू व्हायला एक वेगळं वाइंडिंग असतं आणि स्पीड साधारण पाऊणपट झाला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच टक् करून ते तोडतो, तो आवाज तुम्ही ऐकलाही असेल. रेग्युलेटरने व्होल्टेज कमी केलं की आधी स्पीड फारसा पडतच नाही, जोर पडतो, आणि तो वर्गाने पडतो, व्होल्टेज निम्मं तर जोर चौथाई. मग लोडखाली मोटर बसते, स्विच परत जुळतो, स्टार्टिंगचं वाइंडिंग काही सेकंदांसाठी बनवलेलं असताना सतत चालू राहतं आणि जळतं, कपॅसिटर फुगतो तो वेगळाच.

स्पीड खरंच कमीजास्त करायचा असेल तर थ्री फेजची अर्धा एचपी मोटर घ्या आणि तिला सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर असा २३० व्होल्टचा व्हीएफडी, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून स्पीड बदलणारा डबा, लावा. मोटरच्या प्लेटवर २३०/४१५ लिहिलेलं बघा, जोडणी डेल्टात करायची, स्टारमध्ये राहिली तर जोर मिळणार नाही. पण तरीही गिअरबॉक्स लागतोच, कारण १४४०ला दीडशे करायचं तर व्हीएफडी पाच हर्ट्झवर आणावा लागेल, तिथे मोटरचा पंखा जवळजवळ थांबलेला आणि मोटर तापणार. दहाचा गिअरबॉक्स ठेवून ३५ ते ५० हर्ट्झमध्ये खेळा, म्हणजे शंभर ते एकशे चव्वेचाळीस फेऱ्या, आणि उलटं फिरवायची सोयही फुकट मिळते, खडा अडकला तर ती सोनं आहे. खर्च टाळायचाच असेल तर वरच्या पत्रात लिहिलेले दोन टप्प्यांचे बेल्ट करा, तुमच्याच मोटरवर चालतील, फक्त गार्ड विसरू नका.

प्रश्न (कल्याण): कारची वायपर मोटर स्वस्तात मिळते, स्पीडही हळू आणि टॉर्क भरपूर असं सगळे म्हणतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल, शॉकची पण भीती नाही. लावू का?

उत्तर: कल्पना चांगली आहे, आणि शॉकचा मुद्दा खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. वायपर मोटर मिनिटाला पन्नासच्या आसपास फिरते, ते हळू पण चालण्यासारखं. अडचण जोराची. समजा ती पाच अँपिअर घेते, म्हणजे साठ वॅट, आतल्या प्लास्टिकच्या गिअरमध्ये आणि ब्रशमध्ये निम्मं गेलं तर शाफ्टवर तीस वॅट. पन्नास फेऱ्यांना त्याचे सहाच्या जवळपास न्यूटन मीटर होतात. माझ्या गिरणीला नुसतं सुटायला पावणेअकरा लागले. लोक ज्या 'भरपूर टॉर्क'बद्दल बोलतात तो मोटर अडकून थांबल्यावरचा असतो, तेव्हा ती पाचाऐवजी कितीतरी जास्त करंट खाते, आणि तशी तिला दोन मिनिटं ठेवली तर वास यायला लागतो.

तुझी गिरणी लहान असेल तर आधी काट्याने मोज. चार न्यूटन मीटरच्या आत आलं तर खुशाल लाव, हॉपरची पट्टी बोटभरच उघड, रोलरच्या अर्ध्या लांबीवरच दाणे पडू देत, आणि लाइनमध्ये फ्यूज टाक. चारच्या वर आलं तर नको. एक किलो अर्धवट भरडून मोटर गार व्हायची वाट बघत बसणं हे कोणालाच परवडत नाही.

प्रश्न (गिरगाव): मुलगा आणि सून टेक्सासला असतात, मुलगा घरी बिअर करतो, गिरणी हाताची आहे. आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत. नागदेवीला मोटर, गिअरबॉक्स, पुल्या स्वस्त मिळतात म्हणून इथूनच घेऊन जावं असं ह्यांचं म्हणणं आहे. नेऊ का?

उत्तर: नका नेऊ वहिनी. तिथे भिंतीतल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. तिकडची फोर पोल मोटर १७२५ने फिरते, म्हणून तिथल्या लोकांनी सांगितलेली पुलीची मापं इथे जुळत नाहीत आणि इथली तिथे. वजनही बघा, अर्धा एचपी मोटर आणि गिअरबॉक्स मिळून तुमच्या अर्ध्या बॅगेचं वजन होईल. पुल्या तरी नेऊ असं वाटेल, पण इथल्या ७१ फ्रेमच्या मोटरचा शाफ्ट १४ मिलीमीटर असतो आणि तिथल्या नेहमीच्या ५६ फ्रेमचा पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ १६, पुली बसणारच नाही.

मुलाला सांगा, तिथलीच अर्धा एचपी, १७२५वाली मोटर आणि दहाचा गिअरबॉक्स, १७२ फेऱ्या येतात, एकदम योग्य. फक्त घेण्याआधी त्याच्या गिरणीचा जोर मोजायचा राहू नये. बॅगा तोलायला सामानाचा काटा तुम्ही घेणारच असाल, तो घरी ठेवून जाऊ नका, बॅगेतच टाका.